कढीलिंब पुन्हा पुन्हा पिवळा पडतोय? आधी झारी खाली ठेवा

नर्सरीतून आणलेलं वीतभर उंचीचं कढीलिंबाचं रोप पहिले तीन आठवडे झकास असतं. मग खालचं एखादं पान पिवळं पडतं. आपण पाणी वाढवतो, तर आणखी दोन पिवळी पडतात. शेजारून कोणीतरी सांगतं, भूक लागली असेल, खत घाला. खत घालतो. आठवड्याभरात शेंडा मान टाकतो आणि महिन्याने कुंडीत नुसती काडी उभी असते. पुढच्या पावसाळ्यात आपण नवं रोप आणतो आणि पुन्हा तेच.

इंदूरच्या सुदामानगरमधल्या आमच्या गच्चीवर मी हा प्रयोग दोनदा यशस्वी करून दाखवला आहे. तिसरं रोप वाचलं. आज ते माझ्या खांद्याला लागतं आणि रोजच्या फोडणीला पुरून उरतं. (इंदुरी पोह्यात बडीशेपेचा मान मोठा, पण आमच्या घरी पोहे कढीलिंबाशिवाय होत नाहीत.) पहिली दोन का गेली हे तिसऱ्याच्या वेळी कळलं. खाली जे लिहिते आहे ते कढीलिंबाच्या निमित्ताने असलं तरी लिंबू, मोगरा, जास्वंद, कुठलंही कोवळं रोप कुंडीत लावणाऱ्याला बहुतेक सगळं तसंच लागू पडेल. आम्ही इंदूरकर कुंडीला गमला म्हणतो आणि कढीलिंबाला माळी ‘मीठा नीम’ म्हणतो. नर्सरीत विचारताना हेच शब्द वापरा, नाहीतर कडूनिंब हातात पडेल.

सगळा घोटाळा एका गोष्टीत आहे. पिवळं पान एकच दिसतं, पण त्यामागची कारणं निदान चार असतात, आणि त्यातल्या दोन कारणांचे उपाय एकमेकांच्या अगदी उलट आहेत. तहानेने सुकलेलं झाड आणि मुळं बुडून गुदमरलेलं झाड वरून सारखंच दिसतं, कारण दोन्हीकडे पानापर्यंत पाणी पोचत नसतं. एकात मातीतच पाणी नसतं. दुसऱ्यात माती चिंब असते, पण पाणी ओढणारी मुळं मेलेली असतात. म्हणून पान बघून ठरवायचं नाही. माती बघून ठरवायचं.

आधी हे तपासा, काहीही न घालता

झाडूची एक कोरडी काडी घ्या, नाहीतर कबाबाची बांबूची काडी असते ती. खोडापासून चार बोटं लांब, कुंडीच्या अर्ध्या खोलीपर्यंत हळूच खुपसा, दोन मिनिटं ठेवा, बाहेर काढा. ओलसर, गडद आणि माती चिकटलेली आली तर आत ओल आहे. कोरडी खडखडीत आली तर नाही. बोट घालूनही कळतं, पण बोट जेमतेम दोन इंच जातं आणि खरी भानगड त्याच्या खाली असते. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) घातलेल्या मिश्रणात तर वरचा थर तपकिरी, कोरडा, भुरभुरीत दिसतो आणि आत हात घातला की पिळून पाणी काढावं इतकं ओलं असतं. माझं पहिलं रोप या वरच्या थरावर विश्वास ठेवून गेलं.

मग कुंडी उचलून बघा. भरपूर पाणी घातल्यावर एकदा उचलायची आणि ते वजन हाताला लक्षात ठेवायचं. तीन दिवसांनी पुन्हा उचलायची. आठ-दहा इंची कुंडीला यासारखं दुसरं मीटर नाही. बाजारात मिळणारं दोन दांड्यांचं ओलाव्याचं मीटर मीही आणलं होतं. ते आता मुलाच्या खेळण्यांत आहे.

तिसरी तपासणी कुंडीच्या बुडाची. हसू नका, पण प्लास्टिकच्या कितीतरी कुंड्यांना भोकांच्या जागी नुसत्या गोल खुणा असतात, त्या फोडायच्या आपल्यावर सोडलेल्या असतात. माझ्या दुसऱ्या रोपाच्या कुंडीला पाच खुणा होत्या आणि भोक एकही नव्हतं. रोप गेल्यावर माती उपसली तेव्हा खाली गटारासारखा वास मारणारं काळं पाणी निघालं. जाड पेचकस (स्क्रू ड्रायव्हर) गॅसवर तापवून भोकं पाडता येतात. भोकं असली तरी कुंडी गच्चीच्या फरशीवर सपाट बसली की ती बंद होतात, म्हणून विटेचे तीन तुकडे खाली द्या. खाली ताटली ठेवत असाल तर पाणी घातल्यावर अर्ध्या तासाने ती रिकामी करा. ताटलीत साचलेलं पाणी मुळं सडवतंच, वर डेंग्यूच्या डासांना पाळणाघरही पुरवतं.

जुलैचं पिवळं पान: मुळं गुदमरली

खालची पानं आधी, मग सगळीकडेच पिवळी, फिकी, मऊ पडून गळतात. माती ओली. कुंडीला हलका आंबूस वास. वरती चिलटांसारख्या बारीक काळ्या माश्या उडताना दिसल्या तर वरची माती आठवडेच्या आठवडे वाळलेली नाही, असं समजा.

मुळांनाही श्वास घ्यावा लागतो. मातीच्या कणांमधल्या फटींत हवा असते, तीच त्यांची हवा. त्या सगळ्या फटी पाण्याने भरल्या आणि भरलेल्याच राहिल्या की मुळं मरायला लागतात, आणि मेलेल्या मुळांवर बुरशी बसते. आपल्याकडे हे लवकर होतं, कारण माळव्याची काळी माती. ‘मालव धरती गहन गंभीर, डग-डग रोटी, पग-पग नीर’ हे शेताबद्दल खरं आहे. दहा इंची कुंडीत हीच गंभीरता जिवावर येते. या मातीतली चिकणमाती ओली झाली की फुगते, फटी बुजवते आणि पाणी धरून बसते. शेतात खाली जायला जागा असते, कुंडीत चार बोटांवर बूड लागतं.

इथेच एक जुना समज मोडायला हवा. कुंडीच्या तळाला विटेचे तुकडे नाहीतर गिट्टी घातली की निचरा चांगला होतो, असं माझ्या आईने मला शिकवलं आणि तिला तिच्या आईने. होतं उलटं. भांडी घासायचा जाड स्पंज पाण्यात बुडवून आडवा धरा. पाणी ठिबकायचं थांबेपर्यंत थांबा. आता तोच स्पंज उभा करा. आणखी पाणी गळेल. स्पंज तोच, पाणी तेच, फक्त उंची वाढली. कुंडीतल्या मातीच्याही तळाशी असाच एक चिंब थर कायम राहतो, आणि बारीक मातीतलं पाणी खालच्या मोठ्या खड्यांमध्ये सहज उतरत नाही. गिट्टी भरली की मातीची उंची कमी होते आणि तो चिंब थर मुळांच्या आणखी जवळ सरकतो. भोकातून माती वाहू नये म्हणून एक खापरी किंवा जाळीचा तुकडा पुरे.

मोठी कुंडी हीसुद्धा चूक. ‘पुढे वाढणारच आहे’ म्हणून सहा इंची पन्नीतलं, म्हणजे नर्सरीच्या प्लास्टिक पिशवीतलं, रोप आपण थेट चौदा इंची कुंडीत घालतो. एवढ्याशा मुळांना तेवढी माती पिऊन संपवता येत नाही आणि उरलेली आठ-दहा दिवस ओली राहते. आठ इंची घ्या. वर्षाने बदला.

उपाय. पाणी बंद. कुंडी पावसातून उचलून छज्जाखाली, उजेड येईल पण ऊन लागणार नाही अशी ठेवा. काडी अर्ध्यापर्यंत कोरडी येऊ लागली आणि आणखी पानं गळायची थांबली, तर एवढ्यावरच काम झालं. गळणं चालूच राहिलं तर रोप बाहेर काढून मुळं बघावी लागतील. चांगलं मूळ पांढरट, घट्ट असतं. सडलेलं तपकिरी, बुळबुळीत. चिमटीत धरून ओढलं की साल निसटून येते आणि दोऱ्यासारखी शीर उरते. ते स्वच्छ कात्रीने काढून टाका. मात्र सगळी माती झटकू नका. कढीलिंबाला मुळांची छेडछाड अजिबात खपत नाही. जेवढं सडलं तेवढंच काढायचं, वरची एक-तृतीयांश पानं छाटायची, कारण उरलेल्या मुळांना पूर्ण झाड पोसवत नाही, आणि लहान कुंडीत नव्या मिश्रणात बसवायचं.

मिश्रण माझं असं: एक भाग बागेची माती, एक भाग जाडी रेती, एक भाग चांगलं कुजलेलं खत. काळीच माती मिळत असेल तर ती अर्धा भाग करा आणि रेती दीड. रेती बांधकामाच्या ठिकाणची चालते, पण चाळून जाडी ठेवा आणि धुऊन घ्या. बारीक वाळू चिकणमातीत मिसळली की विटेचा गारा होतो. मिश्रण मुठीत दाबून बघा. लाडू वळला आणि बोटाने टोचल्यावर फुटला तर ठीक. न फुटणारा लाडू झाला तर रेती वाढवा.

आणि खत? या काळात शून्य. नवा कोंब दिसेपर्यंत, म्हणजे महिना-दीड महिना, चिमूटभरसुद्धा नाही. आजारी मुळांना खत म्हणजे जुलाब झालेल्याला पुरणपोळी.

एप्रिलचं पिवळं पान: पाणी घालूनही तहान

हे फसवं आहे. रोज सकाळी झारीभर पाणी घालता, खालून लगेच धार लागते, तुम्हाला वाटतं पोट भरलं. तरी दुपारी पानं लोंबतात, कडा वाळून कुरकुरीत होतात, खालची पिवळी होऊन गळतात.

कुंडीच्या कडेला बघा. माती आणि कुंडी यांच्यामध्ये बोट जाईल एवढी फट दिसेल. ओली झाल्यावर फुगणारी माती वाळल्यावर आक्रसते, शेतात भेगा पडतात तशी. वरून घातलेलं पाणी या फटीतून सरळ खाली उतरतं आणि मधला मुळांचा गोळा कोरडाच राहतो. नर्सरीतल्या रोपाचं तर आणखी एक आहे. पन्नीतला घट्ट मातीचा गोळा तसाच उचलून आपण मोकळ्या मिश्रणात बसवतो. भोवतालचं मिश्रण भिजतं, गोळा भिजत नाही. काडी कडेला खुपसली तर ओली येते, खोडाजवळ खुपसली तर कोरडी. म्हणून दोन्हीकडे तपासा.

उपाय सोपा आहे, समाधानही फार आहे त्यात. बादलीत पाणी घ्या, कुंडी काठापर्यंत बुडेल इतकं, आणि ती आत ठेवा. बुडबुडे येतील. ते यायचे थांबले की, साधारण अर्ध्या तासात, काढून निथळत ठेवा. मग खुरपीने वरची बोटभर माती मोकळी करा, कडेची फट मातीने बुजवा आणि वर वाळलेल्या पानांचा किंवा नारळाच्या शेंड्यांचा थर अंथरा. खोडाला मात्र तो टेकू देऊ नका.

बुडवायला जमत नसेल तर पाणी दोन हप्त्यांत घाला: आधी पेलाभर, दहा मिनिटं थांबून मग बाकीचं. पहिल्या पाण्याने माती फुगून फटी मिटतात, दुसरं आत मुरतं. इथे घाई करणारा माणूस हरतो, आणि सकाळी डबे भरायच्या गडबडीत मी घाई करणाऱ्यांतलीच आहे. म्हणून आता कुंड्यांना पाणी चहा ठेवताना पहिलं आणि चहा झाल्यावर दुसरं, असा नेम लावला आहे.

पाणी सकाळीच. मे महिन्यात इथे पारा चाळिशी ओलांडतो आणि गच्चीवरच्या काळ्या टाकीचं पाणी दुपारी हाताला चटका देतं. ते पाइपने थेट मुळांवर सोडणं म्हणजे रोप वाफवणं. काळ्या प्लास्टिकची कुंडी उन्हात असेल तर तिला पांढरं कापड गुंडाळा किंवा दुसऱ्या कुंडीच्या सावलीत सरकवा. मातीच्या कुंडीच्या अंगातून पाणी उडतं, म्हणून ती थंड राहते पण लवकर वाळते. प्लास्टिकमधल्या रोपापेक्षा तिला उन्हाळ्यात जास्त वेळा लागतं. ‘दिवसाआड एक मग’ असला हिशेब मी कोणाला सांगत नाही तो याचसाठी. किती घालायचं याला मात्र उत्तर आहे: घालाल तेव्हा खालून निथळेपर्यंत. रोज थोडंथोडं शिंपडण्याने वरची दोन बोटं भिजतात, मुळं वरच्या वर पसरतात आणि पहिल्या कडक उन्हात भाजतात.

नवी पानं पिवळी, शिरा हिरव्या: हा पाण्याच्या प्रकाराचा दोष

हे लक्षण वेगळं आहे, नीट बघितलं तर चुकत नाही. जुनी पानं हिरवीगार. शेंड्याची कोवळी पानं मात्र फिकट पिवळी, जवळजवळ मलईच्या रंगाची, आणि त्यांत शिरांची हिरवी जाळी. याला लोहाची कमतरता म्हणतात, पण मातीत लोह नसतं असं क्वचितच होतं. असतं, रोपाला घेता येत नाही. माती क्षारयुक्त, अल्कधर्मी झाली की लोह न विरघळणाऱ्या रूपात अडकून बसतं. कढीलिंब आणि लिंबू एकाच कुळातले, दोघेही या बाबतीत नाजूक.

इंदूरच्या घरांतलं पाण्याचं वेळापत्रक यामागे असतं. नर्मदेचं पाणी १९७८ पासून शहरात येतं, जलूदहून सुमारे ७० किलोमीटरवरून, घाट चढवून. बहुतेक वस्त्यांत ते दिवसाआड येतं आणि ते आपण पिण्या-स्वयंपाकाला जपतो. झाडांच्या वाट्याला बोरिंगचं. बोरिंगचं पाणी जड, त्यात चुन्याचे क्षार. रोज पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. मातीच्या कुंडीला बाहेरून आणि मातीला वरून जो पांढरा पापुद्रा धरतो तो हाच. आणि कृपा करून आरओच्या मशीनचं वाया जाणारं पाणी कुंड्यांना घालू नका. पाणी वाचवल्याचं पुण्य लागतं हे खरं, पण मशीनने आपल्या पाण्यातून काढलेले क्षार त्यातच एकवटलेले असतात. त्याने फरशी पुसा.

आमच्या सासूबाईंचा यावर उपाय होता ताक. कढीलिंबाला आंबट ताक घातलं की पानं काळीभोर होतात, असं त्या म्हणत आणि मी न विचारता घालत असे. एकदा शेजारच्या काकूंनी वास आला म्हणून वर येऊन बघितलं.

‘अगं, हे फोडणीचं ताक घालतेस की काय?’

‘आई म्हणाल्या, ताक घाल.’

‘मिठाचं?’

मीठच होतं त्यात, जेवणात उरलेलं. तर ताकाबद्दल माझं मत: बिनमिठाचं, लोणी काढलेलं, दहापट पाण्यात पातळ करून महिन्यातून एकदा घातलं तर बिघडत काही नाही. त्याची आंबटाई थोडीशी मदत करते, पण चुनखडीने भरलेल्या कुंडीपुढे ती टिकत नाही. औषध म्हणून त्यावर विसंबू नका. दाट घातलं तर कुजतं, माश्या येतात.

खरा उपाय दोन टप्प्यांत. आधी क्षार धुऊन काढा. कुंडीचा निचरा चांगला आहे याची खात्री करून, कुंडीत मावेल त्याच्या दुप्पट पाणी, नर्मदेचं किंवा पावसाचं, हळूहळू ओता आणि सगळं खालून वाहून जाऊ द्या. दहा इंची कुंडीला साधारण एक बादली. वरचा पांढरा पापुद्रा आधीच खरवडून फेका. पावसाळ्यात हे काम आभाळ फुकट करून देतं, म्हणून पहिल्या दोन-तीन चांगल्या सरींना कुंड्या उघड्यावर ठेवा आणि मग आडोशाला घ्या.

मग लोह. हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, स्वस्त असतं, पण अशा मातीत पडल्यावर तेही थोड्याच दिवसांत अडकून बसतं. इंदूरच्या छावणी भागातल्या बी-खताच्या दुकानात चिलेटेड लोह, म्हणजे मातीत अडकू नये म्हणून दुसऱ्या रेणूत गुंडाळलेलं लोह, मागा, आणि पुडीवर काय लिहिलंय ते वाचा. ‘ईडीटीए’ लिहिलेलं पानांवर फवारायला ठीक, मातीत घालायला नाही. अल्कधर्मी मातीत ते टिकत नाही. मातीत घालायचं तर ‘ईडीडीएचए’ लिहिलेलं हवं. महाग असतं, पण एका लिटरला चिमूटभर लागतं आणि पाणी डाळिंबाच्या रसासारखं लाल होतं. जुनी पिवळी पानं हिरवी होतीलच असं नाही. नवी फुटणारी बघा; ती हिरवी आली की झालं.

आता खत, पण एवढ्या उशिरा का ते समजून

वरचे तीन प्रश्न सुटल्याशिवाय खताचा डबा उघडायचा नाही. काकडीच्या कोशिंबिरीला मीठ लावून ठेवलं की पाणी सुटतं ना? मुळांभोवती खताचे क्षार जास्त झाले की तेच होतं, मुळातून पाणी बाहेर ओढलं जातं. पानांची टोकं आणि कडा तपकिरी होऊन करपतात, जणू उदबत्ती लावली. आपल्याला वाटतं पाणी कमी पडलं. पहिल्या रोपाला मी चमचाभर युरिया घातला होता. युरियात ४६ टक्के नत्र असतं, ते एकराच्या हिशेबाने टाकायचं खत आहे. चमचाभर युरिया कुंडीला म्हणजे तान्ह्या बाळाला भाकरी.

असं झालंच तर खत वरून जेवढं दिसतंय तेवढं उचला आणि क्षार धुवायला सांगितलं तसं बादलीभर पाण्याने धुवा, त्याच दिवशी.

भुकेचं लक्षण मात्र खरंच असतं. जुनी, खालची पानं सावकाश, एकसारखी फिकी होतात, माती ठीक, मुळं ठीक, वाढ थांबलेली, आणि कुंडी बदलून सहा-आठ महिने झालेले. ही खरी भूक. कोवळ्या रोपाला माझा आहार: महिना-दीड महिन्याला दोन मुठी गांडूळखत, वरच्या मातीत खुरपीने मिसळून. वाढीच्या दिवसांत, म्हणजे मार्च-एप्रिल आणि मग पाऊस स्थिरावल्यावर, पंधरा दिवसांतून एकदा १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात) हे पाण्यात विरघळणारं खत, एका लिटरला एक ग्रॅम. घरी वजनकाटा नसेल तर चहाचा सपाट चमचा पाच लिटरला. आदल्या दिवशी साधं पाणी घातलेलं असावं. कोरड्या मातीत खताचं पाणी कधीच नाही. कडक मे महिन्यात खत बंद.

मोहरीची पेंड, आपली ‘खली’, चांगली असते पण कच्ची कोरडी पेंड मातीत मिसळली की ती तिथेच कुजते, तापते आणि कोवळी मुळं भाजते. शंभर ग्रॅम पेंड लिटरभर पाण्यात चार-पाच दिवस भिजवून, मग वरची निवळी दहापट पाण्यात मिसळून घाला. वासाची जबाबदारी तुमची. लग्नकार्य घरात असेल तेव्हा करू नका.

घरच्या ओल्या कचऱ्याचं खत घालणार असाल तर ते पूर्ण कुजलेलं हवं: काळपट, भुरभुरीत, पावसाच्या पहिल्या सरीसारखा वास, त्यात भाजीची सालं ओळखू न येणारी. अर्धवट कुजलेलं घातलं तर ते कुजवणारे जिवाणू मातीतलं नत्र स्वतःच खातात आणि रोप पिवळं पडतं, म्हणजे खत घालून उपासमार. या बाबतीत तर आपल्या गावाने जगाला शिकवलं आहे. १९२४ मध्ये इंदुरात इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री सुरू झाली, आज जिथे कृषी महाविद्यालय आहे तिथे. इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९३१ पर्यंत तिथे काम करताना पालापाचोळा, शेण, राख आणि गोमूत्र मुरलेली माती थराथराने रचून, ठरावीक दिवसांनी वरखाली करून खत बनवण्याची रीत बसवली. ती जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणूनच ओळखली जाते. साधारण तीन महिने लागतात आणि ढीग वरखाली करायचा तो हवा खेळावी म्हणून. ढिगात पाणी जास्त झालं की हवा कोंडते, कुजण्याऐवजी सडायला लागतं, घाण सुटते. कुंडीचीही तीच गोष्ट. तुमच्या बादलीतल्या खताला आंबूस वास येत असेल तर ते अजून तीन आठवडे वाळक्या पानांसोबत वरखाली करत राहा, रोपाला दाखवू नका.

जानेवारीचं पिवळं पान

हे शेवटी ठेवलं, कारण यात करायचं काहीच नाही आणि नेमकं तेच जमत नाही. डिसेंबरच्या शेवटी इथे रात्रीचा पारा दहाच्या खाली उतरला की कढीलिंबाची पानं पिवळी पडून गळतात, कधी अर्ध्याहून जास्त. झाड झोपलेलं असतं. मुळं थंड, पाणी घेत नाहीत, खत तर नाहीच. पहिल्या हिवाळ्यात तिसऱ्या रोपाची ही दशा बघून मी खताची पुडी घेऊन गच्चीवर गेले होते. सासूबाई उन्हात तीळ निवडत बसल्या होत्या, म्हणाल्या, ‘अगं, थंडीत त्यालाही पांघरूण घेऊन पडू दे की.’ पुडी परत आणली.

मेलंय की झोपलंय हे बघायचं असेल तर खोडावर नखाने बारीकसा ओरखडा काढा. खाली हिरवट ओल दिसली तर जिवंत. कुंडी दक्षिणेच्या उन्हाला, भिंतीच्या आडोशाला ठेवा. पाणी काडी तीन-चतुर्थांश कोरडी आल्यावरच, म्हणजे आमच्याकडे पाच-सहा दिवसांनी, तेही ऊन वर आल्यावर. फेब्रुवारी सरता सरता पेरांमधून तांबूस-हिरवे कोंब डोकावतात. ते बोटाच्या पेराएवढे झाले की आदल्या दिवशी साधं पाणी, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वर्षातला पहिला डोस: एक ग्रॅम, एक लिटर.